शिवणीत राहिलेलं

नंदू जन्मली तेव्हा डाव्या भुवईच्या टोकाला
ज्वारीचा दाणा होता.
वर्षाची झाली, तूर.
शाळेत घातली तेव्हा चिंचोका,
आणि धारूरच्या पेठेत कुणी माझं दुकान विचारलं तर
लोक सांगायचे, त्या गाठवालीच्या बापाचं ना, ते पुढं.

दुखायची नाही. लाल व्हायची नाही.
बोट ठेवलं की वरचं कातडं सरकायचं,
गाठ मात्र जागची हलायची नाही,
हाडाला धरून, मुकाट.

आईनं चुना लावून पाहिला.
कासाराच्या म्हातारीनं घोड्याच्या शेपटीचा केस आणला,
बांधून आवळा म्हणाली, आठ दिवसांत गळून पडती.
पण बांधायला देठ कुठं होता?
केस घसरला, नंदू दिवसभर रडली.
कारण तर सगळ्या गल्लीला ठाऊकच होतं:
मनकर्णानं गिराणात सुई धरली.

धरली होती. खोटं कसं म्हणू.
लग्नसराईचे अकरा ब्लाऊज, दुपारी नवरीकडचे यायचे,
हिला सातवा महिना, बाहेर सूर्य कुरतडलेला,
आणि ही आतल्या खोलीत हूक लावत बसलेली.
सुई कुणी दिली, हे कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
सहा वर्षं.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात कादरी बाईंनी
आधी तळहात चोळून गरम केले,
मग अंगठ्यानं चाचपलं, मी पोत बघतो तसं.
बॅटरी धरली. आत ठोका लागतो का पाहिलं.
सोनोग्राफी झाल्यावर म्हणाल्या,
नाकाच्या मधोमध असती तर मी घाबरले असते.
तिथून कधी कधी मेंदूपर्यंत वाट असते,
सीटी काढल्याशिवाय सुरीला हात लावला नसता.
ही कडेची आहे. जन्माची आहे. साधी आहे.

मी विचारलं, पण आली कुठून?

पोटात चेहरा एका तुकड्यात येत नाही, म्हणाल्या.
भाग असतात, ते एकमेकांकडे सरकतात, जुळतात.
जुळताना कातडीचा एखादा कण खाली राहून जातो.
आत गेला तरी तो कातडेपण सोडत नाही,
तेल सोडतो, केस उगवतो,
अंधारात आपलं काम करत राहतो.

म्हणजे शिवणीत कापड चिमटलं, मी म्हणालो.
त्या थांबल्या. मागं उभ्या शिकाऊ पोरांकडं वळल्या:
हे लिहून घ्या.

मनकर्णा बोटं मोजत होती.
कितव्या महिन्यात होतं बाई, हे जुळायचं?
दुसरा संपायच्या आत.
तिनं अंगठा पेरांवरून फिरवला,
सातपर्यंत गेली, परत आली,
पुन्हा गेली.
दुसऱ्या महिन्यात तर आम्हाला
दिवस गेलेत हेही नीट ठाऊक नव्हतं.

भुवई भादरली नाही. भुवईच्याच केसांत काप घेतला.
पिशवी न फोडता अख्खी सोडवावी लागते,
अस्तराची चिंधी मागं राहिली तर पुन्हा धरते.
बाटलीत दाखवली: पिवळट, गुळगुळीत,
कुणाच्या तरी हरवलेल्या बटणासारखी.
मी टाके मोजले. पाच. निळा दोरा, अंतर सारखं.
चौथा जरासा तिरका होता. बोललो नाही.

पुढच्या बुधवारी टाके निघाले, रिपोर्ट आला.
डर्मॉइड. कॅन्सरचं काही नाही.
आत लोण्यासारखा मळ, आणि केस.
म्हातारीनं बाहेरून बांधायला आणला होता तो केस,
आत आधीच होते.
नंदूनं विचारलं, माझेच का? मग मला द्या की.

येताना आडसच्या फाट्यावर गाडी बराच वेळ थांबली.
नंदू मांडीवर झोपलेली.
खिडकीबाहेर बघत मनकर्णा म्हणाली,
सुई तुम्ही दिली होती.
मी कुणाला सांगितलं नाही.

मी तिकिटाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.
एवढी वर्षं कापड बेततोय,
घडी काही मध्यावर येईना.