मुदतीचा रकाना

सोसायटीच्या कपाटात, डिझेलच्या पावत्यांखाली
एक दोनशे पानी वही आहे, माझ्या अक्षरातली.
तारामुंबरीच्या जेटीवर उभं राहून
जो जो येणाऱ्या काळाबद्दल बोलला
त्याचं वाक्य, तारीख, आणि त्यानेच दिलेली मुदत.
शेवटचा रकाना कोरा सोडतो.
सचिवाला एवढा छंद चालतो.

पहिलं पान अठ्ठ्याण्णवचं:
'हातात मावेल असं यंत्र. काळोखात खडक कुठे ते सांगेल.'
त्यापुढे मी लिहिलंय, थाप.
लाल शाईने, खाली दोन रेघा ओढून.
आज ते यंत्र जगन कुबलाच्या खिशात असतं
विडीच्या बंडलाला खेटून.
लाल शाई मी खोडलेली नाही.
राहू दे. माझ्या नजरेसमोर असलेली बरी.

पुढे लाटांवरच्या विजेचा माणूस आला.
तीन वर्षांत वाडी उजळणार होती.
फीत कापली, पेढे वाटले, फोटोत मीही आहे, डावीकडून चौथा.
पहिल्याच आषाढात साखळी तुटली
आणि पिवळा डबा वाहत वाहत पुळणीला लागला.
आता तो सुलोचना तारकरणीच्या परसात.
कोंबड्या आत अंडी घालतात, रोज, न चुकता.

उपग्रहाचं पान अवघड गेलं.
मासळी कुठे ते वरून दिसेल, म्हणाले,
आणि दिसलीही, दहातल्या सहा फेऱ्यांना.
पण आमची होडी तिथे पोचायच्या आत
मोठे ट्रॉलर पोचलेले असायचे, दिवे लावून.
त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं.
सगळ्यांनाच सांगतोय, एवढं फक्त सांगितलं नव्हतं.
या पानाला लाल शाई चालेना, निळीही चालेना.

काल इशान देवस्थळी आला पुण्याहून,
पाठीला सॅक, बुटांत वाळू.
'पाच वर्षांत होडी तांडेलाशिवाय जाईल,' म्हणाला.
पडद्यावर होडी गेली, वळली, परत आली.
चित्रातला समुद्र इस्त्री केल्यासारखा.
जगन जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला,
'जाळा खडकाक अडाकला तर बुडी कोण मारतलो?'

पोरगा गप्प झाला.
लिलावाचा ओरडा थांबला होता, बर्फाच्या गिरणीचा आवाज तेवढा.
मी उत्तराची वाट पाहत होतो, कारण मला उत्तरं पाठ आहेत:
त्यावर काम चालू आहे. पुढच्या आवृत्तीत येईल. तुम्ही फक्त सही करा.
तो म्हणाला, 'ते अजून जमत नाही.
कधी जमेल, मला खरंच माहीत नाही.'

सत्तावीस वर्षांत हे वाक्य वहीत नव्हतं.
मी ते लिहून घेतलं, त्याच्या भाकिताच्याही वर,
आणि भाकीत पेन्सिलीने.

सुलोचना मोकळी टोपली घेऊन दारात उभी.
'लोकांची लिवतंस. तुझा एक लिही मगे.'
मी लिहिलं: बांगडा यंदा लवकर लागेल.
'लवकर म्हणजे कधी? तारीख घाल.
तारखेशिवाय नुसतो वारो.'

पेन रकान्यावर टेकलं. शाईचा ठिपका पसरत गेला.
ती टोपली खाली ठेवून तिथेच बसली,
घाई नसल्यासारखी.