निळ्या चौकटी

साखरी नाट्याहून फाइल आली.
नऊ वर्षांची मासळी एकाच पानावर.
वर सोसायटीचं नाव, सहा रकाने जोडून मधोमध,
त्याखाली लाल अक्षरांत : कृपया कोणी सुधारू नये.

मी सुधारायलाच बसले होते.
सॉफ्टवेअरला म्हटलं, वरच्या चार ओळी सोड.
त्यानं सोडल्या, पाचवीला शीर्षक मानलं.
पण ‘सुरमई’ होती एका ओळीत
आणि ‘टोपल्या’, ‘भाव’ तिच्या पोटाखाली,
म्हणून सुरमईला टोपल्या मिळाल्या
आणि भाव निनावी राहिला.

पहिल्या फेरीत निष्कर्ष निघाला
की बंदरातली सगळ्यांत मोठी होडी ‘एकूण’.
आठवडाभर दिसत नाही,
गुरुवारी संध्याकाळी येते
आणि सगळ्यांनी मिळून आणली असेल
तेवढी मासळी एकटी उतरवते.

अल-मदिना. अल मदीना. आणि पुन्हा अल मदिना,
शेवटच्या काना-मात्रेनंतर एक मोकळी जागा,
डोळ्यांना न दिसणारी.
एका लाकडाच्या तीन होड्या झाल्या,
तिघींची सरासरी वेगळी.

बांगड्याच्या रकान्यात तीन, आडवी रेघ, चार,
म्हणजे टोपल्या तीन-चार, अंदाजे.
तिथे तीन एप्रिल उगवला.
वीस-पंचवीसचं मात्र काही झालं नाही,
पंचविसावा महिना अजून निघालेला नाही.

मग म्हटलं, आता सगळ्याचे आकडे कर.
त्यानं केले, आणि नम्रपणे कळवलं :
दोनशे चौदा जागा रिकाम्या झाल्या.
कुठल्या ते उघडून बघितलं.
वादळ.
बर्फ नाही.
जाळी फाटली (नवी).
हमीदच्या घरी लग्न.
एका ठिकाणी नुसतं : खूप.

‘खूप’पाशी मी थोडा वेळ थांबले.

जून-जुलैत बंदी असते, ओळी कोऱ्या.
आलेखानं मेपासून ऑगस्टपर्यंत
एक सरळ रेघ ओढली,
भर उधाणात होड्या बाहेर असल्यासारखी.
ती रेघ मी हातानं तोडली.

शेवटी फोन लावला. रुकय्या सोलकर,
लिहिणं-पुसणं सगळं तिचंच.
मागे लिलावाचा गलका, बर्फ फोडल्याचा आवाज.
विचारलं, रंगांचं काय?
‘पिवळा म्हणजे पैसे यायचेत.’
गुलाबी?
‘तो पोरानं केला. सोडून द्या.’
आणि निळा?
जरा गप्प झाली.
‘निळा म्हणजे... त्या दिवशी मी जेटीवर नव्हते.
किंवा लाइट गेलेली, रात्री आठवून लिहिलं.
खोटं नाही हां ते. पण खात्रीही नाही.’

सॉफ्टवेअरनं रंग आणला नव्हता.
आकडा घेतला, त्यामागचा संकोच जेटीवरच सोडला.
तिच्या पाचशे सहा शंका
इथे रत्नागिरीत, पंख्याखाली,
इतर आकड्यांइतक्याच ठाम उभ्या होत्या.

मी परत गेले पहिल्या ओळीपासून.
एक नवा रकाना केला, नाव दिलं ‘खात्री’.
निळं असेल तिथे शून्य, नसेल तिथे एक.
दोन दिवस लागले. मान धरली.
आमच्या साहेबांनी विचारलं, हा कशाला?
म्हटलं, हाच तर डेटा आहे.
त्यांना पटलं की नाही, माहीत नाही.

मूळ फाइल जशीच्या तशी ठेवली आहे,
वेगळ्या फोल्डरात, तिची लाल ओळ सांभाळत.

आणि हो, पार उजवीकडे, त्रेचाळिसाव्या रकान्यात,
नऊशे ओळी खाली, एकटा चाळीस होता.
ना नाव, ना तारीख, ना मासा.
त्याच्यासाठी सॉफ्टवेअरनं मधलं सगळं पान
रिकामंच वाचून काढलं होतं.
तेही विचारलं तिला.
‘अगो बाई, ते माझं रिक्षाभाडं.
राजापूरला मीटिंग होती. अजून दिलं नाही कोणी.’

मी तो चाळीस पिवळा केला.