झाकणभर

बसची पाटी मी वाचायचे आईसाठी.
रेशनचा फळा, लाइटबिल,
दवाखान्यात डॉक्टर कधी बसतात ते.
सगळं कानडीत, आणि ती मराठी सातवी.
"काय लिवलंय गं?" म्हणाली की
स्टँडवर उभ्या उभ्या सांगायचे,
ही येळ्ळूरची नव्हे, ही संकेश्वरला जाते.

बाटली मात्र कधी वाचली नाही.
बाटली कोण वाचतं?
निळी असली की संडासाची,
पिवळी फरशीची,
आणि दुधासारखं पांढरं फिनेल
गुरुवारी सायकलवरून यायचं मल्लप्पाच्या कॅनमधून,
कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत ओतून.
त्याला तर अक्षरच नव्हतं,
नुसता पाइनचा खोटा वास
आणि बुडाशी राहिलेला नारंगी रंग.

हिंदवाडीत चार घरं होती आईकडं.
तीन घरांत ब्रश मिळायचा, हातमोजे कुठंच नाहीत.
बोटांवरच्या रेघा अशा पुसल्या गेल्या
की आधारच्या मशीनला आई सापडेना.
"पुन्हा ठेवा, अजून एकदा ठेवा," पोरगा म्हणत राहिला.
आई हसली.
"झिजलं वाटतं माणूस."

मंगळवार होता. आजगावकरांकडं
गोव्याहून पाहुणे यायचे होते
आणि कमोडचा डाग जाईना.
आधी निळं ओतलं,
झाकणभर नव्हे, अर्धी बाटली.
वर मूठभर ब्लीचिंग पावडर.
ह्यानंही डाग जातो, त्यानंही जातो,
दोन्ही मिळून लौकर जाईल.
आमटीत मीठ कमी पडलं तर घालावं
इतकं साधं गणित.
खिडकी बंद होती, डास येतात म्हणून.

पुढचं ती अजून नीट सांगत नाही.
"हिरवट धूर आला. नरड्यात काथ्या कोंबल्यागत झालं."
एवढंच.
आणि थोड्या वेळानं, "डाग गेला पण."

सिव्हिलमध्ये तीन रात्री.
कशात काय मिसळलं, डॉक्टरांनी विचारलं,
म्हणून मी बाटली आणायला गेले.
तिथंच जिन्यात बसून वाचली.
मुंगीएवढी अक्षरं.
एच्चरिके.
इतर कशातही मिसळू नका.
खिडक्या उघड्या ठेवा.
कानडीत होतं, इंग्रजीत होतं,
मला दोन्ही येत होतं.

मराठीत असतं तरी
एवढं बारीक तिला दिसलं नसतं,
असं मी स्वतःला सांगते.
ऐकत नाही.

आता ती घरी असते. जिना चढताना दोनदा थांबते.
आणि वास गेला तिचा.
दूध करपून घरभर धूर झाला तरी
पलीकडं पाठ करून लसूण सोलत बसते.

मामाचं शेत वडगावच्या खाली, नाल्याला लागून.
चार घरांतलं, चारशे घरांतलं, सगळं तिथनंच जातं,
निळं, पिवळं, पांढरं,
फेसाचे गोळे बांधाला अडकतात
आणि बगळे त्यातनं पाय झाडत चालतात.
पूर आला की तेच शेतात.
तरी मामा पोतं आणतोच दर सुगीला, बासमतीचं,
ज्याचं झाकण काढलं की
तिसऱ्या घरातली नीलव्वा विचारायची,
"काय आज, पाव्हणं काय?"

यंदाही भात शिजला.
आईनं झाकण काढलं, वाकली, वाकूनच राहिली.
"वासच येईना की रे ह्याला."
मामा उखडला. "माझ्या भाताला काय धाड भरलीय?
तुझं नाक गेलंय, बाई."
मग तोही वाकला. काही बोलला नाही.
नीलव्वाच्या दारात कुणी आलं नव्हतं.

मी भांड्यावर वाकले.
वाफ तोंडावर आली, गरम, ओली.
दोघंही माझ्याकडं बघत होती,
काय लिहिलंय ते
मी सांगेन म्हणून.