वाढवू?

चरईत, पतपेढीच्या वरच्या मजल्यावर
बुधवारी चार टेबलं लागतात.
इथे बोली कुणी बोलत नाही.
डब्यातून पत्ता काढायचा, समोर ठेवायचा.
हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे डबल.
खाली कुणीतरी पाव तास
एक स्कूटर सुरू करतंय.

माझ्या हातात काय, ते विचारू नका.
इस्पिकची राणी आणि तिच्यामागे तीन चिल्लर,
बदामाची अठ्ठी, पंजी, तिर्री,
चौकटचा राजा, सोबत एकटी छक्की,
बाकी किलवरचा कचरा.
असल्या हातावर माणूस चहाचा विचार करतो.

डावीकडून टिपणीस : एक बदाम.
समोरून इनास : एक इस्पिक.
उजवीकडून टिपणीसबाई, थेट उडी : तीन बदाम.

तीस वर्षं मी एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले.
ऐकायचं नाही असा नियम होता,
पण कानाला झाकण कुठे असतं?
कधी एका बाजूला नुसती खरखर यायची.
तेव्हा दुसऱ्या बाजूचं ऐकायचं :
"अगं, रडू नकोस" म्हटलं
की खरखरीत कोण आहे ते कळायचं.

इनास म्हणजे माझी खरखर.
एक इस्पिक म्हणाला, पुढे काही नाही.
पण टिपणीस पाचाशिवाय बदाम उघडत नाहीत,
कागद पुरा असल्याशिवाय सही न करणारा माणूस.
आणि बाई चार असल्याशिवाय उडी मारत नाहीत.
पाच नि चार नऊ. माझी तीन. बारा.
तेरातलं एक उरलं,
ते इनासच्या हातात.
आत्ता ज्यांना हिणवलं
ती अठ्ठी, पंजी, तिर्रीच
साक्षीला उभी राहिली.

राजाचं मात्र मी काही धरत नाही.
टिपणीस माझ्या डावीला,
त्यांचा एक्का राजाच्या पाठीमागे दबा धरून.
इनासची मोठी पानं उलट
टिपणीसांच्या पाठीशी.
राजा तोच, बसायची खुर्ची चुकली.

मी तीन इस्पिक ठेवते. टिपणीस : चार बदाम.
इनास हिरवा.
बाईही हिरव्या, चटकन,
जे होतं ते सगळं तीन बदामातच
देऊन मोकळ्या झालेल्या.

आता माझ्यावर आलं.
डबल? कशाच्या जिवावर, एका राणीच्या?
सोडून द्यावं तर ते करणार.
टिपणीसांनी पत्ता ठेवला तो चेपून,
पावतीवर शिक्का मारावा तसा.

तीन मिनिटं झाली की मी लाइनवर यायचे :
"तीन मिनिटं झाली. वाढवू?"
पोस्टात उभा असलेला माणूस खिसा चाचपतोय
हे श्वासावरून समजायचं.
एकदा एकजण "नको" म्हणाला,
आणि मी मुद्दाम
मिनिटभर तोडायला विसरले.

चार इस्पिक.

टिपणीसांचा लाल पत्ता आला, आदळून.

मी डमी. पानं उताणी मांडली, ओठ मिटले.
इनासने चौकटच्या राजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
बदामाचा एक हात गेला, चौकटचे दोन
(राजा त्यातच), किलवरचा एक.
एक हात कमी पडला. शंभर गेले.
बाकीच्या टेबलांवर चार बदाम बसले होते,
चारशे वीस.

"हरूनसुद्धा वर!" बाई पेन आपटत म्हणाल्या.
"तू तीन बोललीस कशाला?" टिपणीस,
"घरचं सगळं सांगून बसलीस त्यांना."
"आणि मी गप्प बसले असते, तर तुम्ही..."
ते भांडण जिन्यापर्यंत पुरणार होतं.

इनास दोन तास एक शब्द बोलला नव्हता.
आता खुर्ची पुढे ओढून, त्याच्या घरच्या बोलीत :
"एकच बदाम व्हता माझ्याकरं. तुला कसा कलला?"

त्यांनीच सांगितलं, मी म्हटलं.

खाली स्कूटर अखेर सुरू झाली,
कोपऱ्यापर्यंत गेली,
बंद पडली.