चार नंबरच्या खाटेसमोर

नेरूळच्या डायलिसिस सेंटरात
चार नंबरच्या खाटेसमोर एक समुद्र टांगलाय.
दोनशे वर्षांपूर्वीचा, भूमध्याच्या कुठल्याशा काठाचा:
मधाच्या रंगाची संध्याकाळ, पडका बुरूज,
जाळं पसरून बसलेले तिघे
आणि गरजेपेक्षा जास्त आकाश.
खाली कोपऱ्यात औषधकंपनीचं नाव.

हसुराम नाखवा सोम, बुध, शुक्र
चार-चार तास त्याच्याकडे बघतात.
मी सुया लावते, नळ्या तपासते,
वजन लिहिते. अडीच किलो जास्त.
“पाणी प्यालात ना?”
ते चित्राकडे हनुवटी करतात.

“पोरी, शीड डावीकडं फुगलंय
न् चुलीचा धूर उजवीकडं.
काढणारा कधी होडीत बसला नाय.”

बुधवारी दिवाळ्याची जेट्टी सांगतात:
ओहोटीला उघडा पडणारा चिखल, त्यात निवट्यांच्या उड्या,
खांबावर कालवांची रेघ, छातीइतक्या उंचीवर.
“इथं बघ. दगूड वरपासून खालपर्यंत एकसारखा.
यो दर्या भरतच नाय.”

सहा वर्षं मी त्याची काच पुसतेय.

यंत्र गुरगुरतं. रक्त जातं, येतं.
घोट्यांची सूज हळूहळू उतरते,
मोज्याच्या रबराची रेघ तेवढी
पायावर राहते.

सुटताना विचारतात, “आज तिथी कोणती?”
“अष्टमी.”
“म्हंजे भांग,” म्हणतात,
आणि अर्धा पेला पाणी
पुरवून पुरवून पितात.