टॉवेलांतली बेटं

खुशाल नऊ महिन्यांनी सुटीवर आला
तर ओसरीवर अर्धं गाव.
"काय काय पाह्यलं बे तिकडं?"
दामोधरकाकांनी चष्मा पुसून घेतला,
जशी बेटं बॅगेतूनच निघणार होती.

त्यानं बशीतला चहा फुंकला.
"मी जहाजाच्या पोटात असतो, काका.
लाँड्रीले खिडकी नाही.
समुद्र हाय, पण तो आमच्या डोक्याच्या वर."

लोक जरा हिरमुसले.

"पण टॉवेल येते ना खाली," तो म्हणाला.

मशीनच्या जाळीत काळी रेती सापडली
की आज ज्वालामुखीचं बेट.
पांढरी, पिठासारखी, चिमटीत न राहणारी
म्हणजे प्रवाळाचं.
एकदा गुलाबी आली, तो घाबरला,
वाटलं कोणाच्या तरी कपड्याचा रंग गेला,
आता पगारातून कापतील.
मुकादम हसला. तिथला किनाराच तसा.

कधी चादरींना सडक्या अंड्यांचा वास:
पाहुणे गंधकाच्या कढत चिखलात
गळ्यापर्यंत बसून आले.
"पैसे देऊन?" यमुनाबाईनं विचारलं.
"डॉलर देऊन."
"मंग आमच्या म्हशीनं काय वाईट केलं!"

आणि ते हिरवे डाग,
मोठ्या धबधब्याखाली कातळावरून घसरलेल्यांचे.
ते जाईनात तेव्हा त्यानं मला फोन लावला होता,
रात्री अडीचला.
लिंबू आणि मीठ, मी झोपेत सांगितलं,
बाबा अडाण नदीच्या घाटावर करायचे तसं.
तिथे लिंबं स्वयंपाक्याकडून मागावी लागतात, म्हणे.
डाग गेला.
त्या धबधब्याशी माझी ओळख एवढीच.

एका रात्री पिशवीत ओल्या चड्ड्या.
एक पिळली तर बोटांमधून निळं काहीतरी चमकलं,
काजव्यांसारखं, पण पाण्याचं.
पुन्हा पिळली. थोडं कमी.
तिसऱ्यांदा नुसतं पाणी.
हे सांगताना त्याचा हात
आपोआप पिळ्यासारखा वळला,
आणि पोरं त्या हाताकडे बघत राहिली.

तेवढ्यात यमुनाबाईनं पदरातून सीताफळ काढून पुढं केलं,
टेकडीवरचं, डोळे उघडलेलं.
तो हसायलाच लागला.

एकदा चार तास मिळाले होते बंदरावर.
वर आला तर उन्हानं डोळेच मिटले.
धबधब्याला जायचं भाडं चाळीस डॉलर,
म्हणून पायीच चढ चढला,
आणि वळणावर एक बाई टोपलीत हीच फळं घेऊन.
तो म्हणाला, हे आमचं.
ती म्हणाली, आमचं, आजीच्या आजीपासूनचं.
तो म्हणाला, मानोऱ्याकडं या, जंगलच दाखवतो.
ती म्हणाली, आधी पैसे दे.
दोघं दगडावर बसून भांडले,
खात खात,
बिया रस्त्याच्या दोन बाजूंना थुंकत.
भोंगा झाला तेव्हा ती अजून बोलतच होती.

"आन् समुद्र?" दामोधरकाकांनी शेवटी विचारलंच.
"दिसला," खुशाल म्हणाला, "उतरताना.
लय मोठा हाय."

सगळे गेल्यावर तो आडवा झाला
तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.
मी त्याची बॅग उपसली. आमच्या घराची सवय:
आधी खिसे, मग दुमड, मग शिवण.
झटकलं. रेतीचा कण नाही.
काळी नाही, गुलाबी नाही.
सगळ्यांना एकच वास, कंपनीच्या पावडरचा.
फक्त निळ्या शर्टाच्या उजव्या बाहीवर,
कोपराच्या जरा खाली,
हातभर पिवळा पट्टा, वाफेनं भाजलेला.

ही कुठल्या बेटाची खूण, विचारलं नाही.
लिंबू चोळलं. मीठ चोळलं.
राहिला तो राहिलाच.
तो उठायच्या आत
बाही आतल्या बाजूला करून
वाळत घातला.