मानशीचं दार

चोडणच्या मानशीवर इनासच्या अंगठ्यात
शिंगाळ्याचा काटा घुसला, तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते,
ओहोटी लागलेली, जाळं अर्धं पाण्यात.
काटा त्याने दातांनी उपसला
आणि आधी जाळं ओढून घेतलं.

बत्तीस वर्षं मी बांबोळीला काचपट्ट्या रंगवल्या.
आता निवृत्त आहे, तरी वाड्यावर कुणाचं काही सुजलं
की माझ्याच बाल्कांवावर येऊन बसतात.
दुसऱ्या दिवशी तो आला. "कितें जालां तें पळय गो."
अंगठा पिकल्या बोंडूसारखा,
तांबडा, तुकतुकीत, हात लावू देईना.
"एवढ्याशा काट्यानं एवढं केलं?"

काट्यानं फक्त एक भोक पाडलं, इनास.
बाकीचं तुझं तूच केलंस.

पेशी फुटल्या. आत असायचं ते बाहेर सांडलं,
घरातलं अंथरूण रस्त्यावर दिसावं तसं,
आणि शेजाऱ्यांना कळलं.
कातडीखाली पोटात दाणे भरून बसलेल्या
मास्ट पेशी असतात, वर्षानुवर्षं काही न करता.
त्यांनी एका क्षणात सगळे दाणे उधळले.
जवळच्या बारीक नळ्या रुंदावल्या,
भिंतीतल्या विटा एकमेकींपासून सरकल्या,
जशी तुझी मानस –
नाही, तशी नाही.
तुझं दार भरतीला मिटतं,
खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून.
हे बरोबर उलटं. इथे पाणी आत घ्यायचंच आहे,
शेत बुडालं तरी चालेल.

मग त्या येतात. ओढीत वाहणारी पांढरी पेशी
काठाला घासते, अडखळते, लोळत जाते,
थांबते, चपटी होते,
आणि फटीतून अख्खी पलीकडे.
वास काढत जखमेपर्यंत. गिळत सुटते.
मी त्यांना फक्त मेलेल्या पाहिलं आहे,
जांभळ्या, तीन-चार गाठींच्या, काचेवर चिकटलेल्या.
गिळून पुरेना झालं तर काही जणी
स्वतःचं केंद्रकच उसवतात
आणि पागासारखं फेकतात जंतूंवर.
अख्खी वंशावळ, धाग्याधाग्यानं.

"आणि पाग फेकणारी?"
मरते.
तो अंगठ्याकडे बघत राहिला.
"म्हणजे हा पू..."
हो.

यापुढचं मी त्याला सांगितलं नाही.
बांबोळीतच, अकरा नंबरच्या खाटेवर, माझा भाऊ दत्ताराम.
पायाला शिंपीचा काप, इतकंच.
सगळ्या दारांना एकाच रात्री वर्दी गेली,
अंगभर सगळ्या मानशी एकदम उघडल्या,
आणि नळ्यांत रक्तदाब धरायला पाणीच उरलं नाही.
त्याची काचपट्टी मी रंगवली होती.
नाव वाचायच्या आधी रंगवली होती.

इनासच्या मनगटाजवळ, लाली जिथे संपत होती
तिथे मी बॉलपेननं रेघ मारली, सबंध फिरवून.
आता उठ, आरोग्य केंद्रात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घे,
त्यांना हे दाखव.
आणि लाली या रेघेबाहेर आली,
किंवा अंगात हुडहुडी भरली,
तर जाळं, ओहोटी काही बघू नकोस,
रायबंदरची पहिली फेरी पकड.

ती रात्र मी झोपले नाही.
कान फेरीच्या भोंग्याकडे.
आत कुठेतरी, मला ठाऊक होतं,
मोठ्या पेशी उशिरा पोचल्या असतील,
मेलेल्यांना एकेक करून गिळत असतील,
आणि पोट भरता भरता
त्यांची भाषा बदलत असेल.
"या, या" म्हणणाऱ्या आता "पुरे" म्हणत असतील.
किंवा नसतील.

चौथ्या दिवशी तो उंबऱ्यापाशी उभा,
अंगठ्याची साल निघत होती, खालून गुलाबी.
रेघ तशीच होती मनगटावर,
साध्या, थंड कातडीभोवती, कशालाच न अडवणारी.
पिशवीत दोन शिंगाळे.
काटे त्याने आधीच छाटले होते.